स्टोन टाउनमधला एक निवांत दिवस: आधी खा, मग झोपा, मग खरेदी

टांझानियातल्या दारेसलामला आम्ही सहा वर्षं होतो. त्या सहा वर्षांत पुण्याहून, नाशिकहून, ठाण्याहून जे जे पाहुणे आले त्या सगळ्यांना समोरचं झांझिबार बेट दाखवायचं काम माझ्याकडे असायचं. समुद्रकिनारे ज्याचे त्याने बघावेत, तिथल्या जुन्या गावाचा, स्टोन टाउनचा, एक दिवस मात्र माझा. पहिल्या दोन-तीन खेपांना सगळ्या चुका करून झाल्या. बोटीतून उतरल्या उतरल्या खरेदी, मग भर दुपारी पिशव्या सांभाळत पायपीट, आणि गावाला खरा रंग चढायच्या वेळेला सगळी मंडळी हॉटेलवर आडवी. नणंद आली तेव्हा मी क्रमच उलटा केला. सकाळी फक्त खायचं आणि बघायचं, दुपारी झोपायचं, चारनंतर पाकीट उघडायचं. नंतरच्या प्रत्येक पाहुण्याला हाच क्रम चालला.

दुसरा नियम अनुभवातून आला. तिथली माणसं स्वतःच्या घरात जे नेसतात, खातात, भिंतीवर लावतात, तेच विकत घ्यायचं. लाकडी जिराफ नैरोबीच्या विमानतळावरही मिळतो. झांझिबारच्या घरात मला तो कधी दिसला नाही.

आदल्या रात्रीची तयारी

सगळ्यात आधी, मुक्काम गावातच करा. दारेसलामहून बोटीने साधारण दोन तास लागतात, म्हणून बरेच जण सकाळी येऊन दुपारच्या बोटीने परततात. त्यात संध्याकाळ हुकते, आणि या दिवसाचा अर्धा जीव संध्याकाळीच आहे.

झांझिबार टांझानियाचाच भाग आहे, पण त्याचं सरकार वेगळं आणि प्रवेशाचा खिडकीकारभारही वेगळा. त्यामुळे दारेसलामहून येतानाही पासपोर्ट जवळ हवा. १ ऑक्टोबर २०२४ पासून परदेशी पाहुण्यांना झांझिबारचा स्वतःचा प्रवासविमा घ्यावा लागतो, माणशी ४४ डॉलर. आपण घरून काढलेला विमा त्याला चालत नाही. तो ऑनलाइन काढून कागद छापून ठेवा. स्वाहिलीत विम्याला 'बिमा'च म्हणतात, तेव्हा खिडकीवर शब्द सापडला नाही तर हा वापरा.

असे शब्द दिवसभर भेटतात. पैशाला 'पेसा', गाडीला 'गारी', दुकानाला 'दुका', लाखाला 'लाकी', चहाला 'चाय', फणसाला 'फेनेसी'. गवती चहाला 'मचाईचाई'. आत्याबाई पहिल्या तासातच म्हणाल्या, "अगं, यांना मराठी येतं!" येत नाही. पण शेकडो वर्षं गुजरात-कोकणची गलबतं या किनाऱ्याला लागत होती, त्याच्या खुणा अशा जिभेवर राहिल्या आहेत.

पैसे टांझानियन शिलिंगमध्ये घ्या आणि सुटे करून ठेवा. रस्त्यावरच्या खाण्यासाठी एक हजार आणि दोन हजारांच्या नोटा लागतात. दहा हजाराची नोट पुढे केली की कॉफीवाला नुसता हसतो. डॉलर नेणार असाल तर नोटा नव्या, न दुमडलेल्या हव्यात. २००६ च्या आधी छापलेल्या नोटा तिथे कुणी घेत नाही. हिशेबाला मी शिलिंगच्या आकड्याला तीसने भागायचे, म्हणजे रुपयाचा ढोबळ अंदाज येतो.

कपड्यांचं एकच सूत्र, खांदे आणि गुडघे झाकलेले. गाव बहुसंख्य मुसलमान आहे, जुन्या वळणाचं आहे, आणि लोक तोंडावर काही बोलत नाहीत म्हणून त्यांना खटकत नाही असं समजू नये. बायकांनी एक ओढणी जवळ ठेवावी, उन्हालाही कामी येते.

शुक्रवार टाळा. दुपारच्या नमाजाला बरीच दुकानं बंद होतात आणि सगळा क्रम बिघडतो. रमजानमध्ये जायचं असेल तर दिवसा रस्त्यावर खाणंपिणं नाही, सगळं सूर्यास्तानंतर. त्या दिवसांची रात्रीची रौनक वेगळी, पण हा लेख त्या दिवसांसाठी नाही.

आणि घड्याळ. स्वाहिली वेळ सूर्योदयापासून मोजतात. आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक वाजला, 'सा मोजा'. दुकानदार म्हणाला, 'सा कुमी'ला या, म्हणजे दहाला, तर तो दुपारी चारला बोलावतोय. सहा तासांचा फरक. एकदा आम्ही सकाळी दहाला बंद दाराशी पाऊण तास उभे होतो. तेव्हापासून मी बोटाने घड्याळावर दाखवून घेते.

सकाळी आठ: दाराजानी बाजार

हॉटेलात नाश्ता करू नका, फुकट असला तरी. अर्धा कप चहा घ्या आणि निघा.

दाराजानी म्हणजे 'पुलापाशी'. जुन्या गावाच्या कडेने पूर्वी खाडी होती, तिच्यावर पूल होता. खाडी बुजली, पूल गेला, नाव तेवढं राहिलं. बाजाराची मुख्य इमारत १९०४ सालची. बाहेर भाज्या, फळं, टोपल्या, मोबाइलची कव्हरं, आणि आत शिरलात की मासळी. नाकाला रुमाल लावणाऱ्यांनी बाहेरच थांबावं. कोकणातल्या माणसाने मात्र लिलाव बघायलाच हवा. सिमेंटच्या ओल्या जमिनीवर मासा टाकतात, भोवती गोल करून माणसं उभी राहतात, आणि एक जण न थांबता आकडे पुकारत जातो. सुरमईला इथे 'नगुरू' म्हणतात. ऑक्टोपसचा ढीग बघून माझ्या सासूबाई दोन पावलं मागे सरल्या होत्या, सुरमई बघून चार पावलं पुढे. "केवढ्याला दिली विचार," म्हणाल्या. घ्यायची नव्हतीच. पण भाव विचारल्याशिवाय बाजारातून बाहेर पडणं त्यांना जमत नाही.

खायला बाहेरच्या बाजूला टपऱ्या शोधा. 'व्हितुंबुआ' म्हणजे तांदूळ आणि नारळाच्या दुधाचे आप्पे. वेलची घातलेले, जरा गोड, आपल्यासारख्याच खळग्यांच्या तव्यात केलेले. तव्यातून थेट कागदावर आलेले घ्या, टोपलीत झाकून ठेवलेले नकोत. सोबत 'मांदाझी', म्हणजे आपल्या पुरीहून जाड आणि फुगीर, वेलचीचाच वास. पोटभरीचं हवं असेल तर चपाती आणि 'माहारागे', नारळाच्या रसातली लाल घेवड्याची उसळ. चपाती आपल्या फुलक्यासारखी नसते, पदर सुटलेली आणि तेलकट असते. आल्याचा चहा मागायचा असेल तर 'चाय या तांगाविझी'.

फळं बघा. हंगाम असेल तर 'शोकीशोकी' म्हणजे रामबुतान, लाल केसाळ, आत लिचीसारखं. झाडावरून उतरवलेल्या फांदीसकट जुडीने विकतात.

इथे एकाच गोष्टीची खरेदी करायला माझी हरकत नसते, ती म्हणजे लवंग. झांझिबारची लवंग एकोणिसाव्या शतकात ओमानी सुलतानांनी लावली. सय्यद सैद या सुलतानाने तर आपली राजधानीच मस्कतहून इथे आणली. पुढे कित्येक दशकं जगातली सर्वांत जास्त लवंग झांझिबार आणि शेजारच्या पेंबा बेटावरच पिकत होती. मळ्यांवर राबायला गुलाम आणले जात, त्याकडे पुढे येतेच. लवंग घेताना एक कळी नखाने दाबून बघा. तेलाचा ओलसर डाग उमटला आणि टोकाचा गोल बोंडा शाबूत असला की माल चांगला. सुकून खडखडीत झालेली, नुसत्या काड्या राहिलेली नको.

बाकी मसाल्यांवर महाराष्ट्रातल्या माणसाने पैसे घालवू नयेत. रंगीत पाकिटांचे जे संच पर्यटकांना देतात त्यात वेलची, मिरी, दालचिनी, हळद असते, म्हणजे आपल्या फडताळात जे आहे तेच चौपट भावाने. अपवाद दोन. एक व्हॅनिलाची शेंग, मऊ आणि वाकणारी असेल तर. आणि 'पिलाऊ मसाला', तिथल्या पुलावाचा. 'केशर' म्हणून मूठभर लाल-पिवळ्या पाकळ्या स्वस्तात देतात. ते केशर नव्हे. ठाण्याच्या एका पाहुणीने ऐकलं नाही आणि दिवाळीच्या श्रीखंडाला गवताचा वास आला.

दहा वाजता: गल्ल्यांत हरवणं

बाजाराकडून जुन्या गावात शिरलं की नकाशा उपयोगाचा राहत नाही. गल्ल्या दोन माणसं शेजारून जातील एवढ्याच, भिंती उंच, आणि फोनवरचा निळा ठिपका दर मिनिटाला भलत्याच घरात जाऊन बसतो. घाबरायचं कारण नाही. गाव लहान आहे. कुठूनही चालत सुटलात तरी पंधरा-वीस मिनिटांत एका बाजूला समुद्र लागतो नाहीतर दुसऱ्या बाजूला मोठा रस्ता.

कुणीतरी तरुण मागे लागेलच. "इंडिया? मुंबई? शाहरुख खान!" या वाटाड्यांना तिथले लोक 'पापासी' म्हणतात, म्हणजे गोचीड. त्रास देत नाहीत, पण सुटतही नाहीत. 'हापाना, असांते', म्हणजे नको, आभार. हे हसून, चालता चालता, न थांबता म्हणायचं. थांबलात की करार झाला.

या दोन तासांत काही घ्यायचं नाही. दारं बघायची. स्टोन टाउनची कोरीव दारं हाच इथला खरा दागिना. सरळ चौकट असलेली बहुधा अरबी धाटणीची, वर कमान असलेली हिंदी वळणाची. काही दारांवर पितळेचे टोकदार खिळे दिसतील. हत्तीने धडक मारू नये म्हणून हिंदुस्थानात अशी दारं करत, ती रीत व्यापाऱ्यांबरोबर इथे आली असं सांगतात. झांझिबारच्या गल्लीत हत्ती मावणारही नाही, खिळे मात्र अजून रोज पुसून लखलखीत ठेवलेले असतात. चौकटीवर कोरलेली कमळं, मासे, साखळ्या दिसतात का बघा. संध्याकाळी लाकडी पेटी घेताना हेच नक्षीकाम ओळखता येईल.

फिरत फिरत जॉज कॉर्नरला या. वाट विचारलीत तर कुणीही दाखवेल. चार-पाच गल्ल्या मिळतात ती मोकळी जागा, भोवती दगडी ओटे. या ओट्यांना 'बाराझा' म्हणतात आणि गावाचं निम्मं आयुष्य त्यांवर चालतं. पुरुष मंडळी डॉमिनो खेळत असतात, हातातली सोंगटी फळीवर अशी आपटतात की नवखा माणूस दचकतो. कोपऱ्यात कॉफीवाला. निखाऱ्यांवर उंच पितळी भांडं, पाण्याच्या बादलीत विसळलेले बिनकानाचे चिमुकले पेले. कॉफी काळी, बिनसाखरेची, कडक, कधी आल्याची. साखर मागू नका, तिच्यासाठी 'काशाता' आहे, म्हणजे शेंगदाण्याची किंवा खोबऱ्याची वडी. चिक्कीच ती, लोणावळ्याच्या चिक्कीपेक्षा मऊ. एक तुकडा दातात धरायचा आणि वरून कॉफीचा घोट.

बायका बसलेल्या दिसणार नाहीत. पण आम्ही बसलो तेव्हा जागा करून दिली गेली आणि कुणी वळून बघितलं नाही. वडीलधाऱ्या माणसाला 'शिकामो' म्हणा. हा फक्त मोठ्यांना करायचा नमस्कार आहे, उत्तर 'माराहाबा' असं येतं. या एका शब्दाने जेवढी दारं उघडली तेवढी डॉलरने उघडली नाहीत.

जेवणाआधी एक थांबा

मकुनाझिनी भागात अँग्लिकन कॅथेड्रल आहे. ते उभं आहे त्या जागी गुलामांचा बाजार भरायचा. ब्रिटिशांच्या दबावाखाली सुलतान बरगशने १८७३ साली तो बंद केला आणि त्यानंतर तिथे चर्च बांधलं गेलं. आवारात जमिनीखालच्या खड्ड्यात गळ्याला साखळी बांधलेल्या पाच दगडी माणसांचं शिल्प आहे, १९९८ सालचं. शेजारच्या तळघरांत उभंही राहता येत नाही. खरेदीच्या दिवशी हे कशाला, असं एका पाहुण्याने विचारलं होतं. हातात लवंगेची पुडी होती त्यांच्या. मी काही बोलले नाही, आत घेऊन गेले. पाऊण तास पुरतो. जेवणानंतर जाऊ नका.

साडेबारा: जेवण

तिथून दोन-तीन मिनिटांवर लुकमान. मोठ्या गोरखचिंचेच्या झाडाजवळ, साधं, गजबजलेलं, स्थानिक लोकांनी भरलेलं. ओळीने पातेली मांडलेली असतात, झाकण उघडून दाखवतात, बोट दाखवायचं. दिसायला खानावळच.

घ्यायचं काय? 'वाली वा नाझी' म्हणजे नारळाच्या दुधातला भात. त्याबरोबर नारळाच्या रश्श्यातला मासा. मालवणी हाताच्या माणसाला तिखट कमी वाटेल, त्यासाठी 'पिलिपिली' मागा आणि बेताने घाला. शाकाहारी मंडळींनी उपाशी राहायची गरज नाही. माहारागे, 'मचिचा' म्हणजे आपली माठाची भाजी, चपाती, कचुंबर, ज्याला तिथेही 'काचुंबारी'च म्हणतात. एक वाक्य पाठ करा: 'सिली न्यामा वाला सामाकी'. मी मांस खात नाही आणि मासाही नाही. दोन्ही सांगावं लागतं, कारण नुसतं मांस नको म्हटलं की प्रेमाने मासा वाढतात. चिंचेचं सरबत 'उक्वाजू' चुकवू नका.

गोरखचिंचेचं आणखी एक. या झाडाच्या फळातल्या बिया साखरेच्या लाल पाकात घोळवून विकतात, त्याला 'उबुयू' म्हणतात. आंबट, गोड, जरा तिखट, आणि ओठ लालभडक. शाळेबाहेरच्या चिंचा-बोरांची आठवण असलेल्या कुणालाही नेऊन द्या. आपल्याकडेही गोरखचिंचेची मोठमोठी झाडं आहेत, आफ्रिकेतूनच आलेली. तिची मिठाई मात्र आपण केली नाही. भेट म्हणून मी सगळ्यात जास्त वेळा हीच नेली, वजनाला हलकी आणि टिकाऊ.

एक ते चार

झोपा. निम्मी दुकानं तशीही या वेळेला अर्धवट मिटलेली असतात, आणि उन्हात भाव करताना माणूस चिडतो, चिडलेला माणूस जास्त पैसे देतो.

चारनंतर: उरोजो आणि मग खरेदी

झोपेतून उठल्यावर आधी उरोजो. पाटीवर 'झांझिबार मिक्स' असंही लिहिलेलं असतं. हा पदार्थ बाराझावर बसून, वाडगा मांडीवर ठेवून खायचा. हळदीने पिवळा, कैरी किंवा लिंबाने आंबट, पिठाने दाट केलेला पातळ रस्सा, आपल्या कढीच्या जवळपासचा. त्यात उकडलेल्या बटाट्याच्या फोडी, भजी ('बाजिया'), 'काचोरी' म्हणजे तळलेला बटाट्याचा गोळा. वर ओल्या नारळाची चटणी, तिखट चटणी आणि शेवेच्या जागी कसावाच्या कंदाचा कुरकुरीत चुरा. मांसाहारी असाल तर 'मिश्काकी', शिगेवर भाजलेले तुकडे, आणि अंडं. मिसळीची ही समुद्रापलीकडची चुलत बहीण म्हणा. गाडीवाली बाई झपाझप एकेक गोष्ट टाकत जाते, तिला आधीच सांगा काय नको ते. आणि पटकन खा. कुरकुरीतपणा दोन मिनिटांचाच असतो.

आता खरेदी. सगळ्यात जास्त वेळ कांगाला द्या.

कांगा म्हणजे साधारण दीड मीटर लांब, मीटरभराहून थोडं रुंद असं छापील सुती कापड. जोडीने मिळतं, दोन्ही तुकडे एकसंध, न कापलेले. एक कमरेला, एक डोक्या-खांद्यावर. चहूबाजूंनी काठ, त्याला 'पिंदो' म्हणतात. मधला भाग 'मजी', म्हणजे शहर. आणि खालच्या बाजूला एक ओळ छापलेली असते, म्हण किंवा टोमणा. ही ओळच कांगाचा प्राण आहे. बायका तोंडाने बोलायचं नाही ते कांगा नेसून बोलतात. एकेकाळी बरेचसे कांगा छापून हिंदुस्थानातून येत, आजही काही येतात.

पहिल्या वर्षी मला हे कुणी सांगितलं नव्हतं. दारेसलामला आमच्या शेजारी एक वयस्क झांझिबारी बाई राहायच्या. तिथे मोठ्या बाईला 'मामा' म्हणतात, सवय व्हायला मला महिना लागला. ईदला मी त्यांना आंबा रंगाची सुरेख कांगा दिली. त्यांनी उलगडली, ओळ वाचली, चष्मा काढला, पुन्हा लावला, पुन्हा वाचली. ओळ होती 'हासिदी हाना साबाबू', मत्सर करणाऱ्याला कारण लागत नाही. "मी तुझं काय बघून जळले गं?" मी गोरीमोरी. मग मामा जे हसायला लागल्या! दुसऱ्या दिवशी तीच कांगा नेसून त्या जावेकडे गेल्या.

तेव्हा ओळ वाचून घ्या, आणि अर्थ दुकानदाराला विचाराच. 'हाबा ना हाबा हुजाझा किबाबा' मिळाली तर डोळे मिटून घ्या. थोडं थोडं करत माप भरतं, म्हणजे आपलं थेंबे थेंबे तळे साचे. 'हाराका हाराका हाइना बाराका', घाईत बरकत नाही, हीसुद्धा घरात कुणालाही चालते.

कांगा पर्यटकांच्या गल्लीत घेऊ नका. दाराजानीला लागून मचांगानीच्या बाजूला कापडाची दुकानं आहेत, तिथे स्थानिक बायका घेतात. तिथे फारशी घासाघीसही होत नाही, भाव मुळातच रास्त असतो. कापडाला खळ असते, म्हणून आधी कडक वाटतं. पहिली धुलाई वेगळी, मिठाच्या पाण्यात, रंग जातो. मधून कापून कडा शिवून घ्याव्या लागतात. पुरुषांसाठी 'किकोई', विणलेली लुंगी, पंचा म्हणूनही उत्तम.

तिथून गिझेंगा आणि हुरुमझी रस्त्यांवर या. इथे चित्रं, लाकूडकाम, चपला, सगळं ओळीने. टिंगाटिंगा चित्रं लगेच ओळखू येतात: चकाकते रंग, ठिपकेदार बिबटे, लांब चोचींचे पक्षी. एडवर्ड सैदी टिंगाटिंगा या चित्रकाराने १९६८ च्या सुमारास दारेसलाममध्ये ही शैली सुरू केली, सायकलचा एनॅमल रंग आणि बांधकामातल्या फळ्या वापरून. १९७२ मध्ये पोलिसांच्या गोळीने तो गेला, शैली मात्र पसरत गेली. आज एकच चित्र दहा दुकानांत दिसतं. म्हणून जिथे माणूस बसून रंगवतोय तिथून घ्या. जुन्या किल्ल्याच्या अंगणातही अशी दुकानं आहेत. चौकटीवरून उतरवून गुंडाळी करून मागा, बॅगेत मावते.

लाकूडकामात कोरीव दाराच्या नक्षीची लहान पेटी घ्या. 'अस्सल एबनी' म्हणून काळीभोर मूर्ती पुढे केली तर ओला रुमाल घासून बघा. रुमाल काळा झाला की ते बूटपॉलिश. खरं काळं लाकूड हातात घेतल्यावर वजनानेच कळतं.

केन्याट्टा रस्त्यावर कॅपिटल आर्ट स्टुडिओ हे १९३० पासूनचं छायाचित्रांचं दुकान आहे, एका गुजराती छायाचित्रकाराने काढलेलं. जुन्या झांझिबारच्या कृष्णधवल फोटोंच्या प्रती मिळतात. भाऊ आला होता तेव्हा तासभर तिथून हलला नाही. त्याच भागात फ्रेडी मर्क्युरीचं संग्रहालय आहे. हा गायक १९४६ साली इथल्या पारशी घरात फारुख बलसारा म्हणून जन्मला आणि शाळेला गेला तो आपल्या पाचगणीला. टी-शर्ट ठिकठिकाणी मिळतात, कापड बरं असेल तरच घ्या.

शंख, शिंपले, पोवळं, कासवाच्या पाठीच्या वस्तू, हस्तिदंत यांना हातही लावू नका. विकणारा 'काही होत नाही' म्हणेल, पण विमानतळावर तो नसतो.

भाव कसा करायचा

आधी नमस्कार. 'हबारी' म्हणायचं, 'न्झुरी' उत्तर येईल, मग तुम्ही कुठले, मुलं किती. हे टाळून थेट किंमत विचारणं तिथे उद्धटपणा आहे, आणि त्याची वसुली किमतीत होते. मग 'बेई गानी?' आकडा आला की गप्प. वस्तू खाली ठेवा, दुसरी उचला. 'पुंगुझा किडोगो', जरा कमी करा. चित्रं आणि लाकूडकामात निम्म्यापासून सुरुवात करून साधारण दोन-तृतीयांशावर येणं मला योग्य वाटत आलं आहे. एकाच दुकानातून चार गोष्टी घ्या, मग शेवटची जवळजवळ भेट मिळते. आकड्यांत 'एल्फू' म्हणजे हजार: एल्फू तानो पाच हजार, एल्फू कुमी दहा हजार.

निघून जायचं नाटक एकदाच करा. आणि दोन हजार शिलिंगसाठी, म्हणजे साठ-सत्तर रुपयांसाठी, पंधरा मिनिटं घालवू नका. मी घालवलीत.

सूर्यास्ताला: फोरोधानी

पिशव्या खोलीवर टाका आणि रिकाम्या हाताने समुद्राकाठच्या फोरोधानी बागेत या. समोर जुना किल्ला, शेजारी १८८३ चा 'बेइत अल अजाइब', आश्चर्यांचा वाडा, ज्यात झांझिबारमधली पहिली वीज आणि पूर्व आफ्रिकेतली पहिली लिफ्ट आली. २०२० च्या डिसेंबरात त्याचा एक भाग कोसळला. धक्क्यावरून पोरं आळीपाळीने समुद्रात उड्या मारतात, कोलांट्या घेत, बघणाऱ्यांकडे चोरून पाहत.

अंधार पडताना गाड्या लागतात. टेबलांवर शिगांना लावलेले ऑक्टोपस, लॉबस्टर, मासे. दिसायला झकास, पण माझं मत स्पष्ट आहे: शिगांवरची मासळी पर्यटकांसाठी आहे, महाग आहे, आणि ती कधी शिजवली ते सांगता येत नाही. खायचीच असेल तर गर्दीच्या गाडीवर, दर आधी ठरवून, आपल्यासमोर नीट भाजून घेऊन.

मी सरळ झांझिबार पिझ्झाच्या गाडीवर जाते. पिझ्झा नावापुरता. पातळ लाटलेली, तेलाने ताणलेली पोळी, त्यात कांदा, मिरची, खिमा, अंडं, चीज, चारी बाजूंनी घडी घालून तव्यावर. मुंबईची बैदा रोटी खाल्लेल्याला नवल वाटणार नाही. भाज्यांचा मिळतो, आंब्याचा आणि केळं-चॉकलेटचाही मिळतो. अंडं नको असेल तर पीठ ताणायला घेतानाच सांगा. सोबत आलं-लिंबू घातलेला उसाचा रस. बर्फाशिवाय.

रात्री परतताना हलवा घेऊन टाका. ओमानी वळणाचा, तपकिरी, चिकट, तुपाने थबथबलेला, माडाच्या किंवा शिंदीच्या पात्याच्या चिमुकल्या टोपलीत भरून देतात. टोपली सुंदर दिसते म्हणून तशीच बॅगेत ठेवू नका, तूप झिरपतं. दोन प्लास्टिकच्या डब्यांत घाला. डबे हॉटेलातून मागावे लागतील, कारण झांझिबारमध्ये प्लास्टिकच्या पिशव्यांना बंदी आहे, घरूनही नेऊ नका. डब्याभोवती कांगा गुंडाळा, पण धुतलेली नसेल तर उलट्या बाजूने. नणंदेच्या पांढऱ्या कुडत्यावर अजून आंबा रंगाचा पट्टा आहे.